दोनशे वर्षं पुरणारं कुलूप

सालातिगा, ७ फेब्रुवारी

मस विचाक,

कागदावर लिहितेय म्हणून दचकू नकोस. फोनवर तू मला बंद केलंस. बाबांच्या विद्यार्थ्यांच्या गटातून मला न विचारता काढलंस. आणि गेंबोकच्या दुरुस्त्यांच्या पानावर माझ्या सूचनेखाली ‘वातावरण शांत राहावं म्हणून ही चर्चा इथेच थांबवत आहोत’ असं गोड गोड लिहून चर्चेलाच कुलूप ठोकलंस. टपालवाल्याला अडवायची सोय मात्र तुझ्याकडे अजून नाही.

तुझ्या त्या कुलपाचं कौतुक करायला हवं. आपल्या सगळ्या उद्योगात न उघडणारं कुलूप तेवढं एकच निघालं.

मी काय मागितलं होतं ते पुन्हा सांगते, कारण तू ते नीट वाचलंच नाहीस असा माझा समज आहे. निदान तसं समजणं मला सोपं जातं. फाइलींना कुलूप घालणारं हे गेंबोक बाबांनी लिहिलं ते गावोगावच्या छोट्या कचेऱ्यांसाठी. फुकट घ्या, उघडून बघा, चुका काढा, सुधारा. जाताना दुरुस्त्या मंजूर करायचा हक्क त्यांनी तुला, आपल्या विद्यार्थ्याला दिला, मला, पोटच्या मुलीला नाही. मी तेव्हा क्वालालंपूरला नोकरीत होते आणि तू रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसत होतास. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तू चांगलं केलंस.

तक्रार त्या एका पानाबद्दल आहे. ‘इथून सुरुवात करा.’ गेंबोक पहिल्यांदा उघडलं की हेच पान समोर येतं. त्यात बाबांनी लिहिलंय की फाइल बंद करताना ‘जुनी पद्धत’ या खुणेवर टिचकी मारा, म्हणजे गावातल्या जुनाट यंत्रांवरही ती उघडेल. परवलीला आठ अक्षरांचा एक शब्द पुरे. आणि मग ते वाक्य, ज्याचा तुम्ही सगळ्यांनी मंत्र करून टाकलाय: ‘एवढं केलंत तर हे कुलूप दोनशे वर्षं कुणाला फुटणार नाही.’

लिहिलं तेव्हा ते खरं होतं. जुन्या पद्धतीत शब्दापासून किल्ली चुटकीसरशी बनते. मालकाला बरं, आणि चोरालाही बरं, कारण तोही एकामागून एक शब्द तितक्याच झटपट लावून बघतो. तेव्हाची यंत्रं मंद होती म्हणून दोनशे वर्षं. आता माझ्या मामेभावाकडे खेळ खेळायचं जे यंत्र आहे, त्यावर मी बाबांच्या पानाबरहुकूम बंद केलेली फाइल उघडायला दिली आणि आम्ही कोपऱ्यावर बाक्सो खायला गेलो. परत आलो तर फाइल उघडून पडली होती. आणि माझ्या भावाचा या विषयाशी काडीचा संबंध नाही, तो लग्नात ढोल वाजवतो.

नवी पद्धत गेंबोकमध्ये कधीची आहे. किल्ली बनवायला ती मुद्दाम वेळ लावते आणि चोर रडकुंडीला येतो. ती तूच बसवलीस, मस विचाक. बाबा हयात असताना, त्यांच्याच ओसरीवर बसून. पान तेवढं बदलायचं राहिलं.

सप्टेंबरमध्ये मी दुरुस्ती पाठवली. ती खूण काढा, शब्दाऐवजी पाचसहा शब्दांची ओळ घ्यायला सांगा, आणि दोनशे वर्षांचं वाक्य काढा. इतकंच. त्यावर तुझं उत्तर: ‘न्येवू होईपर्यंत थांबू या.’

मी आधी हसले. मग कळलं की तू गंभीर आहेस. हजाराव्या दिवसाची प्रार्थना झाल्याशिवाय कबरीवर पक्का दगड बसवत नाहीत, माती खाली बसू देतात, हे मलाही माहीत आहे. मी त्याच घरात वाढले. पण न्येवू माणसाचं असतं. टिचकी मारायच्या खुणेचं न्येवू कुणी घातलेलं मी ऐकलं नव्हतं.

गटातल्या बाकीच्यांचं काय सांगू! एकेकाने मला खासगीत लिहिलं, ‘म्बाक रेत्नो, तुझं शंभर टक्के बरोबर आहे.’ आणि गटात येऊन तुझ्या वाक्याखाली हात जोडल्याची चित्रं टाकली. एकापाठोपाठ एक. जणू देवळापुढची रांग. संकोचाने माणूस किती वाकू शकतो ते त्या दिवशी बघितलं.

दुरुस्ती मंजूर कर. एक कळ दाबायची आहे.

रेत्नो

सालातिगा, २६ फेब्रुवारी

मस विचाक,

मला उत्तर द्यायचं सोडून तू आईला फोन केलास. कमाल आहे तुझी.

त्या दिवशी मी कामावरून आले तर आई स्वयंपाकघरात सोयाबीनचं टेंपे चिरत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

“विचाकचा फोन होता,” म्हणाली. “रडत होता बिचारा.”

“कशाला?”

“तू म्हणे बाबांचे शब्द खोडायला निघालीस. दगड बसायच्या आधी.”

“आई, ते शब्द चुकीचे झालेत.”

“झाले असतील. तीन महिने थांबलीस तर काय बिघडतं गं? माती अजून ओली आहे.”

“तीन महिन्यांत किती लोक ते पान वाचून—”

“तू कायम अशीच. बाप जिवंत असताना दोन वर्षांतून एकदा तोंड दाखवायचीस, आणि आता त्याच्या चुका काढायला वेळ आहे तुला.”

हे वाक्य तिचं नाही. ते तू तिच्या तोंडात घातलंस. मला वाटलं होतं तू भित्रा आहेस, पण तू चांगला नेमबाज आहेस. बरोबर लागलं. मी जेवले नाही त्या दिवशी.

आता तू ऐक. ‘कुटुंबाच्या भावनांचा विचार करायला हवा’ असं तू गटात लिहिलंस म्हणे. कुटुंब म्हणजे कोण? मी कुटुंब आहे. माझ्या भावना अशा आहेत की माझ्या बापाचं नाव लावून लोकांना फुटकं कुलूप विकू नका.

आणि बाबांच्या शब्दांचा एवढा पुळका आहे तर त्यांच्या वर्गाचीही आठवण ठेव. फळ्यावरची चूक जो काढेल त्याला मधल्या सुट्टीत पहिली टेंपेची भजी. स्वतःच्या पैशाने आणायचे. चूक नाही सापडली तर मुद्दाम एक करून ठेवायचे. सगळ्यात जास्त भजी कुणी खाल्ली? पोट सुटलं होतं तुझं त्या वर्षी. आमच्याकडे जेवायला आलास की आई म्हणायची, याला टेंपे वाढू नका, याने कॉलेजात खाल्लंय. तेव्हा तुला संकोच वाटत नव्हता. आता मेलेल्या माणसासमोर वाटतोय.

आणखी एक. तू ज्या बँकेत सुरक्षेचं काम बघतोस, तिथे उद्या एखाद्या पोराने ही जुनी पद्धत सुचवली तर तू त्याला दारातून परत पाठवशील. मग जी गोष्ट बँकेच्या पैशाला चालत नाही ती गावच्या बायकांना कशी चालते?

कुठल्या बायका ते तुला माहीत आहे. सुंबरवातूच्या. खाणीने ज्यांच्या झऱ्याचं पाणी चुन्यासारखं पांढरं केलं, त्या. निंग खाणीविरुद्धच्या खटल्यासाठी त्यांच्या साक्षी घेतेय, नावानिशी, त्यांच्याच आवाजात, आणि सगळ्या गेंबोकमध्ये बंद करून ठेवतेय. बाबांच्या पानाची झेरॉक्स तिच्या कचेरीच्या भिंतीवर चिकटवलेली आहे. मी तिला दोनदा सांगितलं की पद्धत बदल. तिने तुला विचारलं. तू काय लिहिलंस? ‘पानावर आहे ते योग्य आहे, म्बाक निंग. काळजी नसावी.’

हे तू लिहिलंस. मला तिने दाखवलं. त्या क्षणापासून हे पान बाबांचं राहिलं नाही, तुझं झालं.

रेत्नो

सालातिगा, ११ मार्च

निंगच्या कचेरीतून लॅपटॉप गेला. रात्री कुलूप तोडून. बाकी काही नेलं नाही, पंखासुद्धा नाही. कुणी नेलं ते शेंबडं पोरही सांगेल.

हे पत्र सकाळच्या ट्रॅव्हलच्या गाडीने पाठवतेय, ड्रायव्हर तुझ्या दारात देईल. काल मी स्वतः सेमारांगला आले होते. तुझ्या बायकोने दार अर्धं उघडलं.

“मस घरात नाहीत, म्बाक.”

पायरीवर तुझ्या चपला होत्या. तिने त्यांच्याकडे बघितलं, मी बघितल्या, मग तिने मला चहा विचारला. चांगली आहे रे ती. तिला असं खोटं बोलायला लावू नकोस.

आता मुद्द्याचं. निंग शांत आहे. तीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे. मी तिला म्हटलं, आजच्या आज त्या बायकांना सांग, नावं बाहेर जाणार आहेत. ज्यांना कुठे नातलग आहेत त्यांना आठवडाभर तरी हलव. खाणीकडून कुणी बोलायला आलं तर एकटीने दार उघडू नका म्हणावं.

ती म्हणाली, “उगाच घाबरवू कशाला त्यांना? फाइली बंद आहेत. तुमच्या बाबांच्या, पाक हार्जोनोंच्या पद्धतीने केल्यात.”

“ती पद्धत फुटते गं! मी स्वतः फोडलीय.”

“म्बाक रेत्नो, राग मानू नका. पण मस विचाक म्हणतात काळजी नसावी. कालसुद्धा म्हणाले. आणि तुमच्या घरात त्या पानावरून काहीतरी चाललंय ना? मला त्यात पडायचं नाही.”

बघ, तू काय करून ठेवलंयस. माझं म्हणणं आता घरगुती भांडण झालंय. मी ओरडले तर ती म्हणेल, भांडकुदळ आहे. मी पुरावा दाखवला तर ती तुला विचारेल. तिला एकाच माणसाचा शब्द लागतो, आणि तो माणूस चपला बाहेर टाकून आत लपून बसलाय.

भांडण बाजूला ठेव. पान बदलू नकोस, आता त्याने काही होणार नाही. निंगला फोन कर आणि म्हण, रेत्नो सांगते ते खरं आहे. बाबांचं नाव घेऊ नकोस, चूक कुणाची तेही सांगू नकोस. फक्त हे एक वाक्य म्हण. मी हात जोडते. तुझ्या गटातल्या चित्रांसारखे नाही, खरे.

रेत्नो

सालातिगा, २ एप्रिल

मस विचाक,

तू फोन केला नाहीस. निंगला तू एक निरोप पाठवलास: ‘जरा तपासून सांगतो.’ तपासून सांगतो! रोगी दगावल्यावर वैद्याने नाडी तपासावी तशी तुझी तपासणी अजून चालू असेल.

काय झालं ते मी यू तुमिराच्या तोंडून ऐकलं. पहिली साक्ष तिची होती. वय साठीच्या पुढे, बाजारात केळीची पानं विकते, सगळा बाजार तिला थोरली बहीण मानून ‘यू’ म्हणतो. दोघे जण तिच्याकडे आले. धटिंगण नव्हते. इस्त्रीचे बाटिक शर्ट घातलेले. पाहुण्याने आणावं तसं एक किलो साखर आणि चहाचा पुडा घेऊन आले, चपला काढल्या, चटईवर बसले. तब्येत विचारली, नातवंडांची नावं विचारली. मग त्यातला एक, तिने केलेला चहा पीत पीत, बोलायला लागला.

“म्हणला, ‘पहाटं मी घागर घेऊन गेले तवा झऱ्याचं पाणी तांदळाच्या धुवणावानी झालं होतं, आन् वर ट्रक उभा होता, त्याचा डायवर माझ्या भनीचा जावई.’ माझंच बोलणं, म्बाक. जसंच्या तसं. मी कुठं थांबले, कुठं खोकले, तेबी त्याला ठावं. मी ते निंगबिगर कुणाला सांगितलं न्हवतं. घरधन्यालाबी न्हाई.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? त्येच्या कपात आनिक चहा वतला.”

त्यांनी धमकी दिली नाही. गरजच नव्हती. बहिणीच्या जावयाची नोकरी त्याच आठवड्यात गेली. यू तुमिराने साक्ष मागे घेतली. तिच्यामागून बाकीच्यांनी. निंगचा खटला आता नुसत्या कागदांवर उभा आहे. आणि गाव काय म्हणतंय ठाऊक आहे? साखर घेतली, साक्ष विकली. बहीण बोलत नाही. बाजारात तिच्या केळीच्या पानांना कुणी हात लावत नाही. ती आता बोयोलालीला भावाच्या लेकीकडे राहायला गेलीय.

निंग रडली माझ्यापाशी. म्हणाली, मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी जीप घेऊन गेले असते. मी सांगितलं होतं हे तिला त्या वेळी ऐकवण्याइतकी मी नीच नाही. तुला मात्र ऐकवते. कुलूप फुटलं त्याचं मला तितकं वाटत नाही, सगळीच कुलपं कधी ना कधी फुटतात. पण फुटणार नाही म्हणून सांगणारं पान होतं, आणि ‘काळजी नसावी’ म्हणून सांगणारा तू होतास. म्हणून सगळे निवांत बसले.

इथवरचं पत्र मी आईला वाचून दाखवलंय. ती उठून मागच्या दारी गेली आणि बराच वेळ कोंबड्यांना दाणे टाकत राहिली, त्या खाऊन कंटाळल्या तरी.

रेत्नो

सालातिगा, २१ मे

विचाक,

‘मस’ लिहीत नाही. दादा म्हणण्यासारखं काही उरलेलं नाही.

परवा न्येवूला तू आलास, दगडाचा खर्च उचलतो म्हणालास, प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांत पुढे बसलास. त्यानंतर ओसरीवर जे झालं ते तू विसरायचा प्रयत्न करशील, म्हणून लिहून ठेवते.

यू तुमिराला आईने बोलावलं होतं. मी नाही. मला वाटतं तुला अजून तसा संशय असेल. आई स्वतः बसने बोयोलालीला गेली आणि तिला म्हणाली, “माझ्या नवऱ्याच्या शब्दावर तुम्ही विसंबलात. त्याच्या प्रार्थनेला घरच्या माणसांत बसा.” आणि बसवलं, आपल्या शेजारी, चटईच्या मधोमध. पाहुणे एकमेकांकडे बघत होते, ही कोण म्हणून.

चहा तू वाढत होतास, पूर्वीसारखाच, घरच्या मुलासारखा. तू कोण ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या हातातला पेला घेता घेता तिने तुला विचारलं,

“तुमीबी या गुरुजींचे शिष्य का?”

“हो, यू.”

“मंग तुमाला ठावं आसंल. ती निंग मला म्हणली व्हती, गुरुजींनी लिहून ठिवलंय, दोनशे वर्सं कुणाला उघडायचं न्हाई.” ती हळूच बोलत होती, दुखवायला नको म्हणून. “तेवढंच इचारायचं व्हतं. सरली का हो दोनशे वर्सं?”

तुझ्या गटातले सगळेच होते तिथे, हात जोडणारे. तू तबक हातात धरून उभा राहिलास. मला तेव्हा तुझी दया आली, हे खोटं कशाला बोलू. क्षणभरच.

आई आत गेली. कढईतून काढलेली टेंपेची पहिली भजी बशीत घेऊन बाहेर आली आणि यू तुमिराच्या पुढ्यात ठेवली. बाबांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना ती बशी ओळखू आली. तुला सगळ्यांत आधी. यू तुमिराला काहीच कळलं नाही. “एवढी मला एकटीला?” म्हणाली, आणि एक उचलून तुलाच देऊ केली.

तू ती खाल्ली नाहीस. मुठीत धरून मागच्या दाराने निघून गेलास.

मला वाटलं, आता तरी झालं. पण काल रात्री तुझा फोन आला, आईच्या फोनवर. “रेत्नो, तुझी सप्टेंबरची सूचना तू मागे घे. आजच्या तारखेची नवी पाठव. मी तिथल्या तिथे मंजूर करतो. न्येवू झालं, दगड बसला, पान सुधारलं, सगळं ओळीने दिसेल. पाक हार्जोनोंच्या नावाला बरं.”

बाबांच्या नावाला! त्यांचं नाव अजून किती पांघरणार आहेस?

मी तुला म्हटलं, नवी पाठवणार नाही. जुनी तिथेच आहे, कळ तुझ्या हाताखाली आहे, दाबायची तर दाब. तू फोन ठेवलास. आज सकाळी बघितलं तर दाबली होतीस. एक शब्दही न लिहिता.

पान बदललं. ते दोनशे वर्षांचं वाक्य गेलं. पहिल्यांदा उघडणाऱ्याला आता नवी पद्धत दिसते, आणि मी झेरॉक्स काढून निंगच्या भिंतीवर स्वतः चिकटवून आले. यू तुमिराला त्याचा उपयोग नाही. तिच्या बहिणीला मी जाऊन भेटले, सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दार लावलं. पुन्हा जाणार आहे.

आपल्या या धंद्यातली एक रीत मला आज पहिल्यांदा मनापासून आवडली. इथे काही पुसता येत नाही. पानाच्या इतिहासात दोन तारखा शेजारी शेजारी उभ्या आहेत: सुचवली सप्टेंबरमध्ये, मंजूर केली मेमध्ये. पहिलीपुढे माझं नाव, दुसरीपुढे तुझं. बाबांचं नाव त्यात कुठेही नाही. जगातल्या कुणालाही ते बघता येतं, कुलूप नाही, किल्ली लागत नाही.

यू तुमिराने विचारलं त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. ते आता तिथे लिहिलेलं आहे. हो, सरली होती, आणि तुला सप्टेंबरपासून ठाऊक होतं.

आईने तुझ्या बायकोसाठी प्रसादाचा डबा ठेवलाय. तिला पाठव न्यायला. तू येऊ नकोस.

रेत्नो